गर्भकालीन मधुमेहातील मातेचा आहार आणि अर्भकाचे खाद्यवर्तन

सारांश

गर्भकालीन मधुमेहाचे निदान झाल्यावर मातेला सांगितला जाणारा आहार प्रामुख्याने रक्तशर्करेच्या नियंत्रणासाठी असतो. तथापि हा आहार दोन वाटांनी अर्भकाच्या खाद्यवर्तनापर्यंत पोहोचतो. पहिली वाट वारेतून गर्भाला मिळणाऱ्या इंधनाची, तर दुसरी गर्भजलात आणि पुढे मातेच्या दुधात उतरणाऱ्या अन्नगंधाची होय. पहिल्या वाटेचा संबंध 'किती' या प्रश्नाशी, तर दुसरीचा 'काय काय' या प्रश्नाशी येतो. पथ्य म्हणजे केवळ वर्ज्य पदार्थांची यादी असा अर्थ घेतला गेल्यास दुसरी वाट दुर्लक्षित राहते. या दोन्ही वाटांविषयी उपलब्ध असलेल्या संशोधनाचा परामर्श घेऊन, प्रमाणात मर्यादित परंतु प्रकारांत वैविध्यपूर्ण अशा आहाराची आवश्यकता प्रस्तुत लेखात स्पष्ट केली आहे.

बीजसंज्ञा : गर्भकालीन मधुमेह, आहारोपचार, गर्भजल, खाद्यवर्तन, स्तनपान, पूरक आहार.

१. प्रस्तावना

'आता तुला दोन जिवांचे खायचे आहे' हे वाक्य महाराष्ट्रातील प्रत्येक गर्भवतीच्या कानावर पडते. डोहाळे पुरविण्याची परंपरा त्याच भावनेतून आलेली आहे. 'डोहाळे' हा शब्द संस्कृतातील 'दौहृद' या संज्ञेशी जोडला जातो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यातील गर्भवतीला 'दौहृदिनी' म्हणजे दोन हृदये असलेली असे म्हटले आहे. मातेची इच्छा ही गर्भाचीही इच्छा आहे, अशी यामागील धारणा होय.

पाचव्या-सहाव्या महिन्यात रक्ततपासणी होते, साखर वाढल्याचे समजते आणि हे सारे चित्र एका दिवसात पालटते. काल ज्या हाताने लाडू पुढे केला, तोच हात आज भाताची वाटी उचलून नेतो. फळे बंद, बटाटा बंद, भात बंद, गोड बंद अशी बंदीची यादी तयार होते. अनेक स्त्रिया भीतीपोटी दोन चपात्या आणि एखादी उसळ यांवर उरलेले महिने काढतात. साखर आटोक्यात येते, परंतु ताट मात्र अरुंद होत जाते. शिवाय 'तुझ्या खाण्यामुळे बाळाला त्रास होणार' हा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आरोप तिला सोसावा लागतो, तो वेगळाच.

या काळातील मातेच्या ताटाचा तिच्या अपत्याच्या भुकेशी, तृप्तीशी आणि आवडीनिवडीशी काही संबंध असतो काय, आणि असल्यास त्यातून पथ्याविषयी कोणता बोध घ्यावा, हा येथील विवेच्य विषय आहे.

२. गर्भकालीन मधुमेह : स्वरूप आणि निदान

गर्भधारणेच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे मातेच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. ही घटना नैसर्गिक असून गर्भाला ग्लुकोजचा अखंड पुरवठा व्हावा हे तिचे प्रयोजन आहे. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन निर्माण करून हा भार पेलते. ज्यांच्या बाबतीत ते शक्य होत नाही, त्यांची रक्तशर्करा वाढते. यालाच गर्भकालीन मधुमेह असे म्हणतात. वाढते वय, स्थूलता, कुटुंबातील मधुमेहाचा इतिहास ही त्याची परिचित कारणे आहेत. एखाद्या स्त्रीने गोड जास्त खाल्ले म्हणून तो झाला, हा लोकसमज अपुरा आहे.

भारतात या आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. चेन्नई येथील डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूत केलेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण शहरी भागात १७.८ टक्के, निमशहरी भागात १३.८ टक्के आणि ग्रामीण भागात ९.९ टक्के आढळले. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीची चाचणी पहिल्या भेटीत आणि ती सामान्य आल्यास पुन्हा २४ ते २८ व्या आठवड्यांत करावयाची असते. त्यासाठी उपाशीपोटी येण्याची अट नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिल्यानंतर दोन तासांनी रक्तशर्करा १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक असल्यास निदान निश्चित केले जाते. त्यानंतर दोन आठवडे आहारोपचार आणि व्यायाम यांवर भर दिला जातो. जेवणानंतर दोन तासांची रक्तशर्करा १२० च्या खाली न आल्यास औषधोपचार सुरू होतो. म्हणजेच आहार हा येथे पहिला उपचार आहे.

३. पहिली वाट : गर्भाला मिळणारे इंधन

मातेच्या रक्तातील ग्लुकोज वार ओलांडून गर्भाकडे जाते, परंतु तिचे इन्सुलिन जात नाही. त्यामुळे मातेची साखर वाढली की गर्भाच्या स्वादुपिंडाला स्वतःचे इन्सुलिन अधिक प्रमाणात निर्माण करावे लागते. इन्सुलिन हे वाढीचेही संप्रेरक असल्याने गर्भाच्या शरीरात मेद साठू लागतो. डेन्मार्कमधील वैद्य योर्गन पेडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडलेले हे स्पष्टीकरण आजही पायाभूत मानले जाते. पुढे १९८० साली अमेरिकन संशोधक नॉर्बर्ट फ्रायंकेल यांनी हा विचार विस्तारला. गर्भाला मिळणाऱ्या इंधनाचे मिश्रण त्याच्या अवयवांच्या घडणीवर दूरगामी परिणाम करू शकते, असे त्यांनी प्रतिपादन केले.

नऊ देशांतील १५ केंद्रांवर सुमारे २५ हजार गर्भवतींची नोंद घेणाऱ्या 'हापो' या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. मातेची रक्तशर्करा जसजशी वाढते तसतसे अर्भकाचे वजन आणि त्याच्या नाळेतील रक्तात इन्सुलिननिर्मितीचे दर्शक प्रमाणही वाढते, हे त्यातून दिसून आले. धोका एका विशिष्ट आकड्यावर अचानक सुरू होत नाही, तो क्रमाक्रमाने वाढतो, हे या अभ्यासाचे महत्त्वाचे निरीक्षण होय.

भारतीय संदर्भात आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून केलेल्या मातृपोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो होते. पुण्याकडील बालके स्नायूंनी कृश असली तरी त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. 'कृश तरीही मेदयुक्त' असे हे वैशिष्ट्य २००३ साली मांडण्यात आले. तात्पर्य, आपल्याकडे बाळ लहान जन्मले म्हणजे त्याला मेदाची चिंता नाही असे मानता येत नाही. म्हैसूर येथील पार्थेनॉन अभ्यासातही गर्भकालीन मधुमेह असलेल्या मातांच्या मुली पाच वर्षांच्या वयात इतर मुलींपेक्षा अधिक मेदयुक्त आढळल्या.

हा परिणाम केवळ आनुवंशिक नसतो, हे अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातील पिमा या आदिवासी समाजातील भावंडांच्या तुलनेवरून स्पष्ट होते. मातेला मधुमेह होण्यापूर्वी जन्मलेल्या आणि त्यानंतर जन्मलेल्या सख्ख्या भावंडांची तुलना २००० साली प्रसिद्ध झाली. नंतर जन्मलेल्या भावंडांत स्थूलता आणि मधुमेह दोन्ही अधिक आढळले. आईवडील तेच असताना पडलेला हा फरक गर्भाशयातील परिस्थितीकडे निर्देश करतो.

४. भूक, तृप्ती आणि मेंदू

'खाद्यवर्तन' ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने घ्यावयाची आहे. बाळ किती उत्सुकतेने दूध पिते, किती सावकाश पिते, पोट भरल्यावर थांबते काय, दूध दिसताच पुन्हा मागते काय, या सर्वांचा तिच्यात समावेश होतो. ब्रिटनमधील संशोधकांनी २०११ साली अर्भकांच्या खाद्यवर्तनाची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत दुधाची गोडी, दुधाला मिळणारा प्रतिसाद, पिण्याची संथ गती आणि तृप्तीची जाणीव हे चार प्रमुख घटक मोजले जातात. इंग्लंड व वेल्समधील २४०० हून अधिक जुळ्यांच्या कुटुंबांच्या अभ्यासातून ती तयार झाली.

गर्भाशयातील अतिरिक्त ग्लुकोजचा या वर्तनाशी संबंध कसा येऊ शकतो, याचे सूत्र मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात आहे. भूक आणि तृप्ती यांचे नियंत्रण तेथून होते आणि त्याची घडण गर्भावस्थेतच सुरू होते. मधुमेही उंदरींच्या पिलांमध्ये भूक वाढविणाऱ्या चेतापेशींच्या रचनेत बदल होतात, असे बर्लिनमधील संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखविले. मानवी बालकांबाबत अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ज्या बालकांचा गर्भावस्थेच्या आरंभीच्या काळात मातेच्या स्थूलतेशी किंवा मधुमेहाशी संपर्क आला होता, त्यांच्या हायपोथॅलॅमसने ग्लुकोजला दिलेला प्रतिसाद वेगळा होता आणि या फरकाचा पुढील वजनवाढीशी संबंध आढळला.

तथापि येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली अशी की भुकेचा मोठा वाटा उपजत असतो. वर उल्लेखिलेल्या जुळ्यांच्या अभ्यासात संथ गतीने पिण्यातील फरकांपैकी ८४ टक्के, तर दुधाच्या गोडीतील फरकांपैकी ५३ टक्के वाटा आनुवंशिकतेचा आढळला. दुसरी अशी की मातेची साखर आटोक्यात आणल्याने सर्व दूरगामी परिणाम पुसले जातात, असेही सिद्ध झालेले नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या नेतृत्वाखाली एक हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपचारामुळे प्रसूतिकाळातील गंभीर गुंतागुंत चार टक्क्यांवरून एक टक्क्यावर आली. परंतु त्यांतील काही बालकांची चार-पाच वर्षांच्या वयात तपासणी केली असता उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या मातांच्या मुलांच्या वजन-उंचीच्या गुणोत्तरात फरक दिसला नाही. उपचाराचे तात्कालिक मोल निर्विवाद आहे. मात्र बालकाचे पुढील खाणे घडविण्याचे काम तेवढ्यावर सोडता येत नाही. दुसऱ्या वाटेचे महत्त्व येथे लक्षात येते.

५. दुसरी वाट : गर्भजलातील गंध

गर्भ तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपासून गर्भजल गिळू लागतो. पूर्ण दिवस भरत आले असता हे प्रमाण दिवसाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक होते. जिभेवरील रुचिकलिका तोपर्यंत तयार झालेल्या असतात आणि शेवटच्या तिमाहीत घ्राणेंद्रियही कार्यक्षम होते. मातेने खाल्लेल्या अन्नातील गंधद्रव्ये रक्तावाटे गर्भजलात येतात. त्यामुळे बाळाची अन्नाशी पहिली ओळख उष्टावणाच्या दिवशी नव्हे, तर त्यापूर्वी कित्येक महिने झालेली असते.

यासंबंधीचे पुरावे साध्या पण काटेकोर प्रयोगांतून मिळाले आहेत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गर्भजल तपासणीसाठी आलेल्या काही स्त्रियांना लसणाच्या कुप्या आणि काहींना निष्क्रिय कुप्या देण्यात आल्या. त्यांच्या गर्भजलाच्या नमुन्यांतील लसणाचा वास परीक्षकांना ओळखता आला. फ्रान्समधील अल्सास प्रांतात बडीशेपेसारखा स्वाद असलेली अ‍ॅनिस खाण्याची रीत आहे. तेथे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणी अ‍ॅनिस खाणाऱ्या मातांची नवजात बालके जन्मानंतर काही तासांतच त्या गंधाकडे वळत असल्याचे, तर इतर बालके नाक मुरडत वा उदासीन राहत असल्याचे दिसले.

सर्वाधिक उद्धृत केला जाणारा प्रयोग फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेत ज्युली मेनेला यांनी केला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. मातांचे तीन गट करण्यात आले. एका गटाने गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत, दुसऱ्याने स्तनपानाच्या पहिल्या दोन महिन्यांत गाजराचा रस घेतला. दररोज ३०० मिलिलिटर, आठवड्यातून चार दिवस, सलग तीन आठवडे असे त्याचे प्रमाण होते. तिसऱ्या गटाने दोन्ही काळांत पाणी घेतले. पुढे बाळांना वरचे अन्न सुरू झाल्यावर गाजराचा स्वाद असलेली पेज देण्यात आली. ज्यांना पूर्वी हा स्वाद गर्भजलातून वा दुधातून भेटला होता, त्या बाळांनी साध्या पेजेच्या तुलनेत गाजराच्या पेजेला कमी वेळा तोंड वाकडे केले. ब्रिटनमधील डरहॅम विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासात तर ३२ व ३६ व्या आठवड्यांतील गर्भांच्या चेहऱ्यावरील हालचाली सोनोग्राफीद्वारे टिपण्यात आल्या. मातेने गाजराची कुपी घेतल्यावर हसल्यासारखे आणि केल या कडवट पालेभाजीची कुपी घेतल्यावर रडल्यासारखे भाव अधिक दिसले.

महाराष्ट्रीय स्वयंपाकघराला जवळचे उदाहरण मेथीचे आहे. प्रसूतीपूर्वी मातेने मेथी घेतल्यास नवजात बालकाच्या लघवीला विशिष्ट गोडसर वास येतो आणि त्यामुळे डॉक्टरांना एका दुर्मीळ चयापचयविकाराची शंका येऊ शकते, अशी नोंद २००१ साली वैद्यकीय साहित्यात झालेली आहे. मातेच्या ताटातील मेथी बाळापर्यंत किती थेट पोहोचते, याचा हा बोलका पुरावा होय.

गोड चव बाळाला उपजतच आवडते आणि कडू चव उपजतच नकोशी वाटते. त्यामुळे गोडाची ओळख करून देण्याची गरज नसते. ओळख करून द्यावी लागते ती मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, कारले, गवार यांची. गर्भजल आणि दूध ही या ओळखीची पहिली संधी असते.

६. दोन वाटांचा संगम : पथ्याचे ताट

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. पहिली वाट सांगते की ग्लुकोजचे प्रमाण मर्यादित हवे. दुसरी वाट सांगते की चवींची संख्या मर्यादित नको. या दोन्ही अपेक्षांत विरोध नाही. विरोध निर्माण होतो तो पथ्य म्हणजे 'वगळणे' असा अर्थ केल्यामुळे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार गर्भवतीला दररोज सुमारे ३५० किलोकॅलरी अधिक ऊर्जा लागते. प्रथिनांची अतिरिक्त गरज दुसऱ्या तिमाहीत ९.५ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम आहे. मधुमेहाचे निदान झाले म्हणून ही गरज नाहीशी होत नाही. पिष्टमय पदार्थ पूर्णतः बंद करणे हेही योग्य नव्हे. गर्भावस्थेत दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदके मिळावीत, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. अमेरिकेतील कोलोराडो येथे गर्भकालीन मधुमेह असलेल्या स्त्रियांना सर्व अन्न पुरवून एक चाचणी करण्यात आली आणि ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. एका गटाच्या आहारात ४० टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, तर दुसऱ्या गटात ६० टक्के ऊर्जा जटिल कर्बोदकांतून होती. दोन्ही गटांतील नवजात बालकांच्या मेदात फरक आढळला नाही. धान्याचा प्रकार आणि वाटणी योग्य असेल तर भाकरी किंवा भात हा शत्रू ठरत नाही, असा याचा अर्थ घेता येतो.

व्यवहारात याचे रूप असे असू शकते. दिवसाचे अन्न तीन जेवणे आणि दोन-तीन लहान खाणी यांत वाटावे. ज्वारी, बाजरी, नाचणी यांची भाकरी आलटून पालटून असावी. मात्र भाकरी 'साखरेला चालते' म्हणून कितीही खावी, हा समज सोडावा, कारण तीही पिष्टमयच आहे. प्रत्येक जेवणात मटकी, मूग, हरभरा यांची उसळ, वरण, पिठले, अंडे किंवा मासे यांपैकी काही असावे. पालेभाजी रोज बदलावी. काकडी, मुळा, गाजर यांची कोशिंबीर, ताक, लसणाची वा कारळाची चटणी यांनी चवीचे वैविध्य वाढते आणि साखर फारशी वाढत नाही. पेरू, संत्रे, पपनस यांसारखे एखादे फळ दोन जेवणांच्या मध्ये, रसाऐवजी फोडी करून घ्यावे. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, बटाटा व रताळे यांचा एकत्र भडिमार होतो आणि मधल्या वेळात पोट रिकामे राहते. रक्तशर्करेच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी अनिष्ट आहेत. गर्भवतीने उपवास टाळणे श्रेयस्कर. प्रत्येक स्त्रीसाठीचे नेमके प्रमाण मात्र आहारतज्ज्ञ व डॉक्टर यांनीच तिच्या वजनानुसार आणि रक्तशर्करेच्या नोंदींनुसार ठरवावयाचे असते.

वैविध्यपूर्ण आहाराचे महत्त्व मुंबईतील एका मोठ्या प्रयोगानेही अधोरेखित केले आहे. मुंबईच्या वस्त्यांमधील सुमारे साडेसहा हजार स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून प्रसूतीपर्यंत दररोज एक खाऊ देण्यात आला. २००६ ते २०१२ या काळात झालेल्या या उपक्रमात एका गटाच्या खाऊत हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध होते, तर दुसऱ्याच्या खाऊत बटाटा, कांदा यांसारखे सूक्ष्म पोषकद्रव्ये कमी असलेले पदार्थ होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गर्भकालीन मधुमेहाचे प्रमाण पहिल्या गटात ७.३ टक्के आणि दुसऱ्यात १२.४ टक्के होते. या प्रयोगात बालकांचे खाद्यवर्तन मोजलेले नसल्याने त्याविषयी यातून निष्कर्ष काढता येत नाही. तथापि पालेभाजी आणि फळे ही मधुमेहाच्या भीतीने ताटातून काढण्याची नव्हे, तर गर्भधारणेपूर्वीच ताटात आणण्याची वस्तू आहे, एवढे त्यातून निश्चित होते.

७. जन्मानंतरची वाटचाल

नाळ कापली जाताच मातेकडून येणारे ग्लुकोज थांबते, परंतु बाळाच्या रक्तातील वाढलेले इन्सुलिन काही काळ तसेच राहते. त्यामुळे अशा बाळाची साखर पहिल्या काही तासांत एकदम खाली येण्याचा संभव असतो आणि तिची तपासणी करावी लागते. यावरचा पहिला उपाय म्हणजे जन्मानंतर तासाभरात स्तनपान. मधाचे बोट, साखरपाणी किंवा गुटी हे त्याचे पर्याय नव्हेत. मध तर पहिल्या वर्षभर देऊच नये, कारण त्यातून गंभीर जंतुविषबाधेचा धोका असतो. गर्भकालीन मधुमेह असलेल्या मातांना दूध उतरण्यास थोडा विलंब होऊ शकतो. अशा वेळी 'दूधच नाही' असा निष्कर्ष घाईने काढून वरचे दूध सुरू केले जाते. तेथे धीर आणि कुशल मदत यांची गरज असते.

स्तनपानातून चवींची ओळख पुढे चालू राहते. वरचे दूध दररोज एकाच चवीचे असते, मातेचे दूध तिच्या जेवणाप्रमाणे बदलते. शिवाय अंगावर पिणारे बाळ पोट भरल्यावर स्वतः तोंड वळवते. बाटलीतील दूध संपवण्याचा आग्रह ही संधी हिरावून घेतो. ज्या बाळाच्या तृप्तीच्या यंत्रणेवर गर्भाशयातच ताण आलेला असू शकतो, त्याच्या बाबतीत 'पुरे' या खुणेचा मान राखणे विशेष महत्त्वाचे ठरते.

बाळंतिणीच्या खुराकाचा प्रश्न येथे उपस्थित होतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरे, साजूक तूप यांत पोषण आहे, पण साखर-गुळाचे प्रमाणही मोठे आहे. प्रसूतीनंतर साखर सामान्य झाली म्हणजे प्रश्न संपला असे नाही. अशा स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत कितीतरी पट अधिक असतो. २००९ च्या एका व्यापक आढाव्यात तो सुमारे सातपट आढळला. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी आणि पुढे ठरावीक काळाने तपासणी आवश्यक असते. अळीव नारळाबरोबर, मेथी भाजीतून, शेपू-लसूण फोडणीतून घेता येतात. खुराकाचा हेतू त्यामुळे ढळत नाही.

सहा महिने पूर्ण झाल्यावर उष्टावण होते. तेथेही खिरीच्या गोड घासाने आरंभ होऊन पुढे गोडच चालू राहते. दोन वर्षांपर्यंत बाळाच्या अन्नात वेगळी साखर घालण्याची आवश्यकता नसते. नवी भाजी पहिल्यांदा थुंकली गेली म्हणजे ती नावडती ठरत नाही. चार ते सहा महिन्यांच्या अर्भकांवरील १९९४ च्या प्रयोगात वाटाणा किंवा घेवडा दहा वेळा दिल्यानंतर बाळे ती भाजी अधिक खाऊ लागली. ही वाढ अंगावर पिणाऱ्या बाळांत जास्त होती. गर्भजलात सुरू झालेली ओळख दुधातून पक्की होते आणि मऊ भात-वरणातील पालेभाजीच्या घासापर्यंत येऊन पोहोचते, असा हा सलग प्रवास आहे.

८. दोषारोपाचा प्रश्न

या सर्व संशोधनाचा एक दुरुपयोग संभवतो. मूल पुढे लठ्ठ झाले, हट्टाने खाऊ लागले किंवा भाजी खाईनासे झाले की त्याचा दोष मातेच्या गरोदरपणावर टाकणे सोपे असते. वस्तुस्थिती याला आधार देत नाही. भुकेचा मोठा भाग आनुवंशिक असतो आणि त्यात पित्याचाही तितकाच वाटा असतो. गंधाच्या प्रयोगांतील बालकांची संख्या मर्यादित असून त्यांतून दिसणारा परिणाम हा कल दर्शवितो, भवितव्य ठरवीत नाही. जन्मानंतर घरातील ताट, आजी-आजोबांचा खाऊ, दुकानातील पुडे आणि वडिलांच्या सवयी या सर्वांचा प्रभाव वर्षानुवर्षे पडत राहतो.

मातेचा आहार हा बहुतेक घरांत मातेच्या एकटीच्या हाती नसतो, हेही विसरता येत नाही. बाजारातून काय येते, कोण रांधते, ती शेवटी जेवते की सर्वांबरोबर, नोकरीच्या ठिकाणी मधल्या वेळचे खाण्यास तिला दहा मिनिटे मिळतात काय, यांवर पथ्याचे यश अवलंबून असते. महाविद्यालयात तास घेणाऱ्या प्राध्यापिकेला सलग तीन तासिका असतील, तर आहारतज्ज्ञाने लिहून दिलेले मधले खाणे कागदावरच राहते. वेळापत्रकातील एवढा साधा बदल हादेखील उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

९. समारोप

गर्भकालीन मधुमेहातील आहाराचा विचार आजवर बहुतांशी रक्तशर्करेच्या आकड्यांभोवती फिरत आला. ते आकडे महत्त्वाचे आहेत आणि त्यांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. परंतु त्याच ताटातून बाळ अन्नाची पहिली ओळख करून घेत असते. म्हणून पथ्य सांगताना 'काय बंद' याबरोबरच 'काय काय असू द्यावे' हे सांगणे गरजेचे आहे. भाताची वाटी लहान करताना शेजारी मेथीची भाजी, मुळ्याची कोशिंबीर आणि लसणाची चटणी यांना जागा करून देणे, हा या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष होय. गृहविज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि आरोग्यशास्त्र या शाखांना एकत्र अभ्यास करण्यास येथे मोठा वाव आहे. विशेषतः महाराष्ट्रातील आहारपद्धती आणि अर्भकांचे खाद्यवर्तन यांची सांगड घालणारी पाहणी महाविद्यालयीन स्तरावरही हाती घेता येईल.

'दोन जिवांचे खा' या जुन्या वाक्याचा अर्थ दुप्पट खाणे असा नाही. आपण जे खातो ते दुसरा जीवही चाखत आहे, असा त्याचा अर्थ घेतला तर परंपरा आणि विज्ञान यांत अंतर राहत नाही.